जुना तांदूळ की नवा? पहिलं लिनक्स निवडताना

ठाण्यात जांभळी नाक्यावर तांदूळ घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "जुना देऊ की नवा?" जुना थोडा महाग असतो. वर्षभर पोत्यात राहून तो सुकलेला असतो, त्यामुळे भात मोकळा होतो आणि पाण्याचा अंदाज चुकत नाही. नव्याला वास सुरेख, पण पाणी जरा जास्त पडलं की गोळा. घरी पंगत असली की आई जुनाच आणायला सांगायची. मऊभाताला मात्र तिला नवाच लागायचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. तेव्हापासून पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात दर रविवारी सकाळी दोन-तीन लॅपटॉप तरी माझ्यासमोर येतात. प्रोसेसर जुना किंवा टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, म्हणून विंडोज ११ त्यांच्यावर अधिकृतपणे चढत नाही. मशीन मात्र धडधाकट असतात. विंडोजच्या जागी त्यांच्यावर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चालते, आणि ती उबुंटू, मिंट, डेबियन अशा वेगवेगळ्या तयार रूपांत मिळते. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. लॅपटॉप घेऊन येणारे व्हिडिओ बघून आलेले असतात आणि विचारतात, "ताई, सगळ्यात चांगलं लिनक्स कुठलं?" त्यांना मी दुकानदाराचाच प्रश्न विचारते. पंगत आहे की मऊभात? बदल तुमच्या मशीनवर कधी यावा, तुम्हाला वेळ असेल तेव्हा की बनवणाऱ्यांना सुचेल तेव्हा? हे एकदा नक्की झालं की नाव ठरवायला फार वेळ लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांना ज्या क्रमाने मी नेते, तोच क्रम इथे लिहिते आहे.

पायरी १ : मशीनचं वय काढा

विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट. तिथे प्रोसेसरचं नाव आणि रॅम दिसते. डिव्हाइस मॅनेजर उघडून वाय-फायची चिप कुठली आणि ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का, तेही पाहा. चारही गोष्टी कागदावर लिहा, फोनमध्ये फोटो काढून ठेवा. लॅपटॉप कुठल्या साली घेतला, हे बिलावर असतंच.

एक ढोबळ रेघ मी आखून ठेवली आहे. मशीन दोन वर्षांपेक्षा जुनं असेल, तर जवळजवळ कुठलंही स्टेबल (म्हणजे काय, ते पायरी ३ मध्ये) लिनक्स त्यावर चालेल. सहा महिन्यांच्या आतलं असेल, तर जपून. मधलं असेल, तर पेनड्राइव्हवरून चालवून पाहिल्याशिवाय बोलायचं नाही.

रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप घ्या. आणि जुन्या लॅपटॉपमध्ये अजून फिरती हार्ड डिस्क असेल, तर लिनक्सच्या आधी एसएसडी बसवून घ्या. त्याने जितका फरक पडतो तितका कुठल्याच डिस्ट्रोने पडत नाही. प्रोसेसर ३२ बिटचा असेल, म्हणजे खरोखरच पुरातन असेल, तर डेबियन १२ वर थांबावं लागेल. डेबियन १३ पासून ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर येत नाही.

पायरी २ : कामाची यादी, आणि एक अवघड प्रश्न

या मशीनवर आठवड्याभरात नेमकं काय होतं ते लिहा. बँक, मेल, व्हिडिओ कॉल, मुलांचा अभ्यास, सोसायटीचे हिशेब, मराठी टायपिंग. यातलं बहुतेक सगळं ब्राउझर आणि लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये होतं, त्यामुळे कुठलंही लिनक्स चालतं.

अडतं ते तीन-चार ठिकाणी. टॅली विंडोजसाठीच बनतं, त्यामुळे दुकानाचा हिशेब त्यात असेल तर एक विंडोज मशीन ठेवावंच लागतं. जीएसटीच्या डिजिटल सहीचा टोकन असेल तर त्याच्या कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर दिलाय का ते आधी पाहा. दिला असेल तर तो बहुधा उबुंटूच्या पॅकेजमध्ये असतो, म्हणजे हा मुद्दा आपोआप स्टेबलच्या बाजूला झुकतो. प्रिंटरचंही तसंच. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना एचपीलिप नावाची तयार व्यवस्था असते. पण आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि घराघरांत दिसणारे काही छोटे, स्वस्त लेझर प्रिंटर कंपनीच्या स्वतःच्या बंद भाषेत बोलतात. त्यांच्यावर एखादा रविवार जातो.

आता अवघड प्रश्न. हे मशीन उद्या सकाळी उघडलं नाही, तर काय होईल? "काही नाही, दुपारी बघू" असं उत्तर असेल तर तुम्हाला मोकळीक आहे. "पगार अडेल", "परीक्षा बुडेल", "आईचा डॉक्टरांबरोबरचा व्हिडिओ कॉल राहील" असं असेल, तर ते उत्तर कागदावर सगळ्यात वर लिहा.

हा प्रश्न मी स्वतः उशिरा विचारला. मी मुद्रितशोधन आणि पानांची मांडणी करते. काही वर्षांपूर्वी दिवाळी अंकाची शेवटची पानं सकाळी द्यायची होती. रात्री साडेअकराला पानं तयार झाली, समाधान वाटलं, आणि मशीन बंद करण्याआधी सवयीने अपडेट केलं. माझं लिनक्स रोलिंग होतं, म्हणजे नवं काही तयार झालं की लगेच देत राहणारं. नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा आला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्याच्याशी जुळला नाही आणि रीस्टार्टनंतर काळा पडदा. फाइली सुरक्षित होत्या, पण ते मला पहाटे तीनला, पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स चालू केल्यावर कळलं. सकाळी स्टेशनजवळच्या सायबर कॅफेतून पानं पाठवली. अंक वेळेवर निघाला. त्या यंत्रणेत दोष नव्हता, ती जे करते म्हणून सांगते तेच तिने केलं होतं. कामाच्या मशीनवर ती ठेवायची नव्हती, एवढंच.

पायरी ३ : स्टेबल म्हणजे काय, ते नीट समजून घ्या

इथे जरा थांबू या, कारण सगळा गोंधळ या शब्दात आहे. स्टेबल म्हणजे कधी न बिघडणारं, असं नवख्याला वाटतं. लिनक्सच्या जगात त्याचा अर्थ 'न बदलणारं' असा आहे. ज्या दिवशी तुम्ही ते बसवलं त्या दिवशी बटणं जिथे होती, तिथेच ती दोन वर्षांनी असतील.

डेबियनचं उदाहरण घेऊ. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेला हा प्रकल्प आजही स्वयंसेवक चालवतात, आणि उबुंटू, मिंट, आपल्या सीडॅकचं बॉस लिनक्स, सगळ्यांच्या मुळाशी तोच आहे. डेबियनमध्ये प्रत्येक नवं सॉफ्टवेअर आधी 'अनस्टेबल'मध्ये येतं. तिथे त्याने गंभीर गोंधळ घातला नाही, तर साधारण २ ते १० दिवसांनी ते 'टेस्टिंग'मध्ये सरकतं. मग दर दोन वर्षांच्या आसपास एक दिवस येतो, जेव्हा टेस्टिंगचा ओघ हळूहळू थांबवतात. याला गोठवणं म्हणतात. त्यानंतर काही महिने फक्त चुका दुरुस्त होतात आणि शेवटी त्यालाच 'स्टेबल' असं नाव मिळतं. डेबियन १२ आलं १० जून २०२३ ला, डेबियन १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ ला. प्रत्येकाला तीन वर्षं पूर्ण आणि पुढे दोन वर्षं मर्यादित अशी एकूण पाच वर्षं सुरक्षेची दुरुस्ती मिळते.

म्हणजे स्टेबल घेताना सॉफ्टवेअर थोडं जुनं असणार हे धरून चालायचं. पण जुनं म्हणजे असुरक्षित नव्हे. एखादी भेग सापडली की डेबियनची मंडळी नव्या आवृत्तीतली तेवढीच दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीला लावतात. आवृत्तीचा आकडा जुनाच दिसतो, भेग मात्र बुजलेली असते. "माझं अमुक सॉफ्टवेअर दोन वर्षं जुनं आहे, हॅक होईल का?" असं घाबरून विचारणाऱ्यांना मी हेच सांगते. अपडेट लावत राहा, आकडा पाहू नका.

थांबण्याचा फायदा किती मोठा असू शकतो, हे मार्च २०२४ मध्ये दिसलं. एक्सझेड नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे. फाइली दाबून लहान करण्याचं काम करतं आणि जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. बसवणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिक मदतनीस म्हणून त्या प्रकल्पात काम करून विश्वास मिळवला होता. डेबियन अनस्टेबल वापरणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपलं दूरच्या मशीनमधलं लॉगिन अर्धा सेकंद हळू होतंय असं जाणवलं. त्यांनी ते सोडून दिलं नाही, खणत गेले आणि २९ मार्चला जगाला सांगितलं. तोपर्यंत ती आवृत्ती डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंगमध्ये, ओपनसूसे प्रकल्पाच्या टंबलवीड या लिनक्समध्ये आणि फेडोरा या आणखी एका लिनक्सच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये पोचली होती. डेबियन स्टेबलमध्ये ती नव्हती. स्टेबलवाल्यांना त्या आठवड्यात काहीही करावं लागलं नाही.

यात एक गोष्ट मनापासून मानावी लागते. चोरदरवाजा सापडला तो अनस्टेबल वापरणाऱ्या माणसामुळेच. कोणीतरी नवा तांदूळ आधी शिजवून पाहतो, म्हणून आपल्याला जुना निर्धास्त मिळतो. रोलिंग वापरणाऱ्यांबद्दल मला आदर आहे तो यासाठी.

आणि स्टेबलला कवचकुंडलं आहेत असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२.३ यायचं होतं. त्यातल्या कर्नलमध्ये एक्सटीफोर या, फाइली डिस्कवर मांडण्याच्या पद्धतीवरचा (फाइलसिस्टिम) डेटा खराब करणारी चूक निघाली. ती आवृत्ती थांबवली आणि १० डिसेंबरला दुरुस्त करून थेट १२.४ दिली. तेव्हा बॅकअप दोघांनाही लागतो.

पायरी ४ : नव्याची खरी गरज कधी पडते

हौस सोडली तर एकच मोठं कारण आहे, नवं हार्डवेअर. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच येतात. विंडोजसारखी ड्रायव्हरची सीडी शोधावी लागत नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की कर्नल जुना असेल तर नवी चिप त्याला ओळखूच येत नाही.

याचा नमुना मी स्वतः पाहिला आहे. २०२३ साली घोडबंदर रोडवरून एक कॉलेजची मुलगी नवाकोरा, बजेटमधला लॅपटॉप घेऊन आली. डेबियन १२ बसवलं, सगळं झकास, वाय-फाय मात्र गायब. आत रिअलटेकची आरटीएल ८८५२बीई ही चिप होती. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला ६.२ ला, फेब्रुवारी २०२३ मध्ये. डेबियन १२ निघालं जूनमध्ये, पण त्याचं गोठवणं जानेवारीतच सुरू झालं होतं आणि त्यात घेतलेला कर्नल होता डिसेंबर २०२२ चा, ६.१. दोन महिन्यांनी हुकलं. तिला फेडोरा बसवून दिलं आणि वाय-फाय पहिल्या क्षणाला लागलं. त्या मुलीने आजही फेडोरा सोडलेलं नाही.

नव्याचेही प्रकार आहेत, आणि ते एका माळेत ओवू नयेत.

फेडोरा मधलं आहे. साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, प्रत्येकीला सुमारे १३ महिने सपोर्ट, आणि मधल्या काळात कर्नलही नवा येत राहतो. उड्या मोठ्या असतात, पण त्या तारखेने येतात. एक खाचखळगा आधीच सांगते. कायदेशीर कारणांमुळे व्हिडिओ चालवायला लागणारे काही कोडेक आणि एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर फेडोरा स्वतः देत नाही, ते आरपीएम फ्यूजन या वेगळ्या भांडारातून घ्यावे लागतात. पहिल्याच दिवशी हे करून टाका.

टंबलवीड रोलिंग आहे. त्याला आवृत्तीच नाही, ओघ चालूच. पण प्रत्येक नवा संच बाहेर सोडण्याआधी ओपनक्यूए ही यंत्रणा तो आपोआप बसवून, चालवून पाहते, आणि नेहमीच्या मांडणीत बिघडलं तर अपडेटच्या आधीच्या स्नॅपशॉटवर, म्हणजे जपून ठेवलेल्या स्थितीवर परत जाता येतं. रोलिंग हवंच असेल तर नवख्याने इथून सुरुवात करावी, असं माझं मत आहे.

आर्च २००२ पासूनचं. ते तुम्हाला विटा देतं, घर तुम्ही बांधायचं. त्याचं दस्तऐवजीकरण अतिशय उत्तम आहे, मी डेबियनवर असूनही ते वाचते. पण अपडेटच्या आधी त्यांच्या बातम्या वाचणं ही तिथे वापरणाऱ्याची जबाबदारी मानतात. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रब या, मशीन सुरू करून देणाऱ्या बूटलोडरच्या अपडेटनंतर आर्च आणि त्यावर आधारलेल्या यंत्रणांवरच्या बऱ्याच जणांची मशीन सुरूच होईनात. ज्यांना दुरुस्ती येत होती त्यांचा अर्धा तास गेला. ज्यांना येत नव्हती त्यांचा आठवडा.

इंटरनेटचाही विचार करा. घरी ब्रॉडबँड असेल तर प्रश्न नाही. पण पेइंग गेस्ट म्हणून राहणारी मुलं फोनच्या दिवसाला दीड-दोन जीबीच्या पॅकवर लॅपटॉप चालवतात, आणि रोलिंगचं एक मोठं अपडेट तेवढं एका बैठकीत खाऊ शकतं. अपडेट तीन-चार महिने टाळून मग एकदम लावणं हे तर रोलिंगमध्ये सगळ्यात धोक्याचं. गावाला जाऊन महिन्याने परत येणाऱ्या आजोबांच्या मशीनला स्टेबलच हवं.

पायरी ५ : आता ठरवा

कागदावर वर लिहिलेलं उत्तर आणि मशीनचं वय, दोन्ही समोर ठेवा.

जुनं मशीन आणि रोजचं काम असेल तर लिनक्स मिंट. मी दहातल्या आठ जणांना हेच देते. ते उबुंटूच्या एलटीएसवर, म्हणजे दीर्घकाळ सपोर्टच्या आवृत्तीवर उभं आहे. सिनॅमन डेस्कटॉप विंडोजवरून आलेल्याला परका वाटत नाही. उबुंटूची एलटीएस सम सालाच्या एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं टिकते. २४.०४ एप्रिल २०२४ ची, आणि त्यावरचं मिंट २२ जुलै २०२४ चं. दोघांना २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. उबुंटूच्या मधल्या आवृत्त्यांना मात्र फक्त नऊ महिने मिळतात. डाउनलोड करताना एलटीएस हा शब्द पाहूनच बटण दाबा.

ज्यांना कमीत कमी बदल हवाय आणि थोडं वाचायची तयारी आहे, त्यांना डेबियन. माझ्या कामाच्या मशीनवर तेच आहे.

नवं मशीन आणि रोजचं काम, ही खरी अडचणीची जोडी. आधी उबुंटू एलटीएसची ताजी उपआवृत्ती चालवून पाहा. एलटीएसच्या पहिल्या दोन वर्षांत तिला ठरावीक काळाने नवा कर्नल मिळतो, त्यामुळे बऱ्याचदा काम भागतं. नाही भागलं तर फेडोरा. फेडोरावर वर्ष-दीड वर्ष काढून, तोपर्यंत आलेल्या नव्या स्टेबलवर सरकलेले लोक माझ्या ओळखीत आहेत, आणि तो अगदी शहाणा मार्ग आहे.

दुसरं मशीन आणि शिकायची हौस असेल तर टंबलवीड किंवा आर्च, बिनधास्त. मोडा, जोडा.

"पण मला स्टेबल हवं आणि सॉफ्टवेअरही ताजं हवं," असं जवळपास प्रत्येक जण म्हणतो. ते आता बरंचसं जमतं. पाया जुना ठेवायचा आणि हवी ती दोन-चार सॉफ्टवेअर फ्लॅटपॅकने, म्हणजे पायापासून वेगळ्या राहणाऱ्या पॅकेजमधून ताजी घ्यायची. फ्लॅटहब हे त्याचं भांडार आहे, आणि मिंटमध्ये ते आधीपासून जोडलेलं असतं. फोटो, व्हिडिओ, ऑफिस, सगळं तिथे नव्यातलं नवं मिळतं आणि पायाला धक्का लागत नाही. जागा थोडी जास्त जाते. डेबियनवर कर्नलच नवा हवा असेल तर बॅकपोर्ट्स नावाचं अधिकृत भांडार आहे, घोडबंदरच्या त्या लॅपटॉपवर पुढे त्यानेही काम झालं असतं. एक गोष्ट मात्र कधीच करू नका. स्टेबलमध्ये अनस्टेबलची भांडारं जोडायची नाहीत. जुन्यात नवा तांदूळ मिसळून एकाच पातेल्यात शिजवला, तर अर्धा कच्चा आणि अर्धा गाळ होतो. मोडलेलं डेबियन घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हेच केलेलं असतं.

पायरी ६ : बसवण्याआधी चालवून पाहा

८ जीबीचा पेनड्राइव्ह, आणि त्यावर आयएसओ, म्हणजे लिनक्सची उतरवलेली फाइल चढवायला रूफस किंवा बलेना एचर. आयएसओ अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि चेकसम, म्हणजे फाइल अस्सल आहे का ते सांगणारा आकडा जुळतोय का पाहा. लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला की लिनक्स काहीही न पुसता चालतं. याला लाइव्ह म्हणतात. इथे तासभर द्या.

वाय-फाय लागतंय का? आवाज दोन्हीकडून, स्पीकर आणि हेडफोन? माइक आणि कॅमेरा एका व्हिडिओ कॉलमध्ये तपासा. पडद्याचा उजेड कमी-जास्त होतोय का? झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडा, मशीन जागं होतंय का? नव्या लॅपटॉपमध्ये हेच सगळ्यात जास्त वेळा फसतं. ब्लूटूथ, प्रिंटर, टीव्हीला जोडणारी केबल.

मग मराठी. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट आहे, आणि उच्चाराप्रमाणे टाइप करायचं असेल तर आयबस आणि एम१७एन या टायपिंगच्या साधनांतून फोनेटिक मिळतं. नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्ट असला की अक्षरं नीट दिसतात. 'दुसऱ्या', 'ऱ्हास', 'काळजी', 'श्लोक' हे चार शब्द टाइप करा. ऱ्या आणि ऱ्हा जमले की टायपिंगची काळजी मिटली. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. हे विंडोज चालू आहे तोवरच करायचं काम.

एखादी गोष्ट लाइव्हमध्ये चालली नाही तर निराश होऊ नका. त्याच पेनड्राइव्हवर दुसऱ्या टोकाचं लिनक्स चढवून पाहा. मिंटवर वाय-फाय नाही आणि फेडोरावर आहे, म्हणजे उत्तर मिळालं. कुठल्याच ठिकाणी नाही, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून लिनक्सला चालणारा छोटा वाय-फाय डोंगल आणावा. तोपर्यंत फोन केबलने जोडून यूएसबी टिथरिंग करा, ते जवळजवळ सगळीकडे चालतं.

पायरी ७ : बसवताना

बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क मशीनपासून काढून ठेवलेली. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर आधी त्याचं फास्ट स्टार्टअप बंद करा आणि डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची रिकव्हरी की लिहून घ्या. अनेक विंडोज ११ मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि मालकाला ते माहीतच नसतं. सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना सॉफ्टवेअर तपासणारी सोय, हिला हात लावला की निळा पडदा ती की मागतो. मिंट, उबुंटू, डेबियन, फेडोरा सिक्युअर बूट चालू असतानाही बसतात. आर्चला ते हाताने जुळवावं लागतं.

चार्जर लावूनच बसवा. पावसाळ्यात डेस्कटॉपवर यूपीएस नसेल, तर अपडेट किंवा इन्स्टॉल आभाळ भरलेलं असताना सुरू करू नका. अर्धवट राहिलेलं अपडेट निस्तरणं हे नवख्यासाठी फार जाचक असतं. होमचं, म्हणजे तुमच्या फाइलींचं पार्टिशन (डिस्कचा भाग) वेगळं ठेवलंत, तर पुढे डिस्ट्रो बदलताना फाइली जागच्या जागी राहतात.

पायरी ८ : पहिला महिना

टाइमशिफ्ट हे स्नॅपशॉटचं साधन चालू करा. मिंटमध्ये ते तयार असतं. रोजचे दोन-तीन आणि आठवड्याचे दोन स्नॅपशॉट पुरतात. ते सिस्टिम मागे नेतं, तुमचे फोटो आणि कागदपत्रं त्यात मुळात येत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळा.

स्टेबलवर आठवड्यातून एक दिवस ठरवा. मी शुक्रवारी संध्याकाळी करते, म्हणजे काही झालं तर शनिवार हाताशी असतो. रोलिंगवर असाल तर आधी बातम्या वाचा, अपडेट पूर्ण लावा, अर्धं कधीच नाही, आणि एलटीएस कर्नल दुसरा म्हणून बसवून ठेवा. नवा चालला नाही तर बूटच्या यादीतून जुना निवडता येतो. काही द्यायची तारीख जवळ असेल, तर त्या आठवड्यात हात लावू नका.

शिकायला मराठीत साधन हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिबरऑफिसचे छोटे पाठ मराठीत आहेत, मोफत. व्हिडिओ थांबवत थांबवत सोबत करत जायचं. साठीच्या पुढचे कितीतरी जण माझ्यासमोर यावरून शिकले.

महिना झाला की वहीच्या एका पानावर तीन ओळी लिहून ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवा. कुठलं लिनक्स आणि कितवी आवृत्ती. तिचा सपोर्ट कधी संपतो. शेवटचा बॅकअप कुठल्या डिस्कवर, कुठल्या तारखेला. माझ्याकडे मशीन आलं की मी आधी ते पान मागते.